मास्टर पॉलिसी आहे, मग आमची वेगळी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत पहिलं घर घेताय. दोन पर्याय उरलेत: दुसऱ्या मजल्यावरचा ११५० चौरस फुटांचा कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, नाहीतर बेसमेंट असलेलं टाउनहोम. महिन्याच्या असोसिएशन फीमध्ये बिल्डिंगचा इन्शुरन्स धरलेला आहे, तरी मॉर्गेज देणारी बँक एचओ-६ नावाची, कॉन्डोमालकाने स्वतः काढायची पॉलिसी मागतेय. एका एजंटने कॉन्डोसाठी वर्षाला ३१२ डॉलर प्रीमियमचं कोट, म्हणजे दरपत्रक, पाठवलंय. तुम्ही विचारताय की हे पुरेसं आहे का, आणि याहून स्वस्त मिळेल का.

स्वस्त मिळेल. पुरेसं नाही.

मी अठरा वर्षं याच राज्यात घरांचे विमे विकतोय, त्यामुळे जास्त कव्हरेज घ्या असं मी म्हणालो की तुम्ही खुशाल संशय घ्या. फक्त एवढं सांगतो की एचओ-६ वर एजंटच्या हातात पडणारं कमिशन इतकं किरकोळ असतं की त्यासाठी कोणी खोटं बोलायच्या भानगडीत पडत नाही. उलट त्यामुळेच बरेच जण ही कोटं दोन मिनिटांत उरकतात. पत्ता टाकायचा, कॉम्प्युटरने दाखवलेले आकडे तसेच ठेवायचे, ईमेल पाठवून द्यायची. तुमच्या कोटमधले आकडे बघितले: घराच्या आतल्या बांधकामाला २०,०००, सामानाला ३०,०००, लायबिलिटी (तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) १,००,०००, लॉस असेसमेंट (हे काय ते पुढे सांगतो) १,०००. हे तुमच्या घरासाठी काढलेलेच नाहीत. एजंटने तुमच्याकडे मास्टर डीड, म्हणजे कुठला भाग कोणाचा ते ठरवणारा कॉम्प्लेक्सचा मूळ दस्तऐवज, मागितलं होतं का? नसेल, तर त्याने हे आकडे हवेतून काढले.

आपल्या डोक्यात पुण्या-ठाण्याची सोसायटी बसलेली असते. मेंटेनन्स दिला की इमारतीचं काय ते कमिटी बघेल. इथेही असोसिएशन इमारतीचा विमा काढते, ती मास्टर पॉलिसी. न्यू जर्सीच्या १९६९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याप्रमाणे सामाईक भाग आणि इमारतीचा सांगाडा यांचा आगीपासून वगैरे विमा असोसिएशनला काढावाच लागतो. प्रश्न असा आहे की सांगाडा कुठे संपतो आणि तुमचं घर कुठे सुरू होतं. दारापाशी? ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतीवरच्या जिप्समच्या पाट्यांच्या, मागे? ड्रायवॉलवरच्या रंगापाशी? याचं उत्तर तुमच्या असोसिएशनच्या मास्टर डीडमध्ये आणि बायलॉजमध्ये लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये ते वेगळं असू शकतं. माझ्याकडे आलेले बहुतेक फसलेले क्लेम याच रेषेवर अडकलेले होते. असोसिएशनचा विमा म्हणतो हे आमचं नाही, तुमचा विमा म्हणतो एवढ्या रकमेचं तुम्ही घेतलंच नव्हतं, आणि मधल्या फटीत घरमालक उभा.

मास्टर पॉलिसी ढोबळमानाने तीन प्रकारची असते. पहिलीला इथे बेअर वॉल्स म्हणतात, म्हणजे उघड्या भिंती. तुमच्या घरातलं सगळं काढून टाकलं आणि मागे जे लाकडी सांगाड्याचं खोकं उरेल, तेवढंच असोसिएशनचं. किचन कॅबिनेट, जमीन, बाथरूमच्या टाइल्स, दारं, दिवे, बऱ्याचदा आतली ड्रायवॉलसुद्धा तुमची. दुसरी सिंगल एंटिटी: बिल्डरने सुरुवातीला जे बसवून दिलं तिथपर्यंत असोसिएशन भरून देते, पण तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने केलेल्या सुधारणा नाही. १९८८ मध्ये बिल्डरने लॅमिनेटचा ओटा दिला असेल तर पैसे लॅमिनेटचेच मिळणार, ग्रॅनाइट तुमच्या खिशातून. तिसरी ऑल इन, तिच्यात सुधारणाही येतात. ही असेल तर नशीब समजा, पण असोसिएशनवाल्या बाई फोनवर 'आमच्याकडे सगळं कव्हर आहे' म्हणाल्या म्हणून ही आहे असं धरू नका. त्या वाक्यावर विश्वास ठेवलेली माणसं मी बघितली आहेत.

आता बांधकामाचा आकडा. पॉलिसीत याला कव्हरेज ए म्हणतात आणि कोटमध्ये सगळ्यात चुकीचं हेच असतं. तुमची मास्टर पॉलिसी बेअर वॉल्सची निघाली तर ११५० चौरस फुटांचं आतलं घर पुन्हा उभं करायला किती लागेल? मी आपल्या भागात साध्या दर्जाच्या कामाला चौरस फुटाला नव्वद डॉलर धरतो. हा माझा अंदाज आहे. हाताशी एखादा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याला विचारा, तो यापेक्षा वरच सांगेल. हिशोब एक लाखाच्या वर जातो. तुमच्या कोटमधल्या वीस हजारांत किचनसुद्धा धड होणार नाही. घराची खरेदी किंमत इथे अजिबात धरायची नाही, कारण तिच्यात जागेची, शाळेची, स्टेशनच्या जवळिकीची किंमत आहे, आणि त्यातलं काही जळत नाही.

पण थांबा, यात अजून एक रक्कम मिळवायची आहे आणि ती जवळजवळ सगळे विसरतात: मास्टर पॉलिसीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली विमा कंपनी देत नाही ती सुरुवातीची रक्कम. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ५,००० डॉलरची मास्टर डिडक्टिबल बघायचो. आता २५,००० नेहमीची झाली आहे, आणि पाण्याचे क्लेम जास्त झालेल्या काही कॉम्प्लेक्समध्ये पाण्यासाठी वेगळी ५०,००० ची बघितली. प्रीमियम परवडेना म्हणून असोसिएशन डिडक्टिबल वाढवतात, आणि बायलॉजमध्ये एक ओळ असते की ज्याच्या युनिटमध्ये नुकसान झालं किंवा ज्याच्या युनिटमधून सुरू झालं, त्याने डिडक्टिबल सोसायचं.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडची एक फॅमिली, दोघं आयटीत, लेकरू चार वर्षांचं. शनिवारी डिशवॉशर लावून क्रिकेटच्या मॅचला गेले. मागची पाण्याची नळी फुटली. चार तासांनी परत आले तेव्हा किचन, हॉल आणि खालच्या घराचं सीलिंग, सगळं ओलंचिंब. दोन्ही घरांच्या बांधकामाचं मिळून नुकसान ३८,००० डॉलर. मास्टर पॉलिसी ऑल इन होती, म्हणून त्यांना वाटलं आपण सुटलो. डिडक्टिबल २५,०००. मास्टर पॉलिसीने दिले १३,०००, आणि उरलेल्या पंचवीसचं बिल असोसिएशनच्या वकिलाच्या पत्रासह यांच्या दारात. त्यांच्या आधीच्या एजंटने 'मास्टर ऑल इन आहे ना, मग कशाला' म्हणून कव्हरेज ए ५,००० वर सोडलं होतं, कारण कॉम्प्युटरमध्ये आपोआप तेवढंच येतं. वीस हजार घरातून गेले. कव्हरेज ए आधीपासून चाळीस हजार असतं तर वर्षाला फार तर साठ-सत्तर डॉलर जास्त भरावे लागले असते.

म्हणून माझा नियम: मास्टर पॉलिसी कितीही चांगली असली तरी कव्हरेज ए तिच्या डिडक्टिबलपेक्षा कमी ठेवायचं नाही. बेअर वॉल्स असेल तर आतल्या बांधकामाचा खर्च अधिक डिडक्टिबल. तुमच्या बाबतीत, डिडक्टिबल २५,००० धरलं तर, साधारण १,३०,०००.

इथेच आणखी एक खोच. एचओ-६ च्या मूळ फॉर्ममध्ये आग, वीज, वारा, फुटलेला पाइप अशी कारणांची यादी असते आणि यादीत असेल तेच कव्हर. थोडे पैसे भरून ही यादी उलटी करून घेता येते, म्हणजे जे स्पष्टपणे वगळलेलं नाही ते सगळं कव्हर. एजंटला स्पेशल कव्हरेज म्हणून सांगा, त्याला कळेल. पाणी हळूहळू, महिनोन्‌महिने झिरपत राहिलेलं मात्र दोन्हींत वगळलेलं असतं. सिंकखालचं कपाट अधूनमधून उघडून हात लावून बघत जा.

आता लॉस असेसमेंट. हा शब्द ऐकून लोक गोंधळतात, म्हणून उदाहरणानेच सांगतो. कॉम्प्लेक्सच्या पूलवर अपघात झाला, कोर्टाने वीस लाख डॉलर भरपाई ठरवली, असोसिएशनची लायबिलिटी दहा लाखांपर्यंतच. उरलेले दहा लाख शंभर घरांत वाटले तर तुमच्या वाट्याला दहा हजार. किंवा वादळाने क्लबहाउसचं छत गेलं आणि मास्टर डिडक्टिबल सगळ्यांत वाटलं गेलं. अशा वाटणीचे पैसे हे कव्हरेज देतं. मूळ पॉलिसीत ते फक्त १,००० डॉलर असतं, आणि ५०,००० करायला वर्षाला एका मोठ्या पिझ्झाएवढे पैसे पडतात. माझ्या मते संपूर्ण विमाधंद्यात यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा दुर्लक्षित गोष्ट नाही.

मात्र दोन ठिकाणी फसू नका. एक, बऱ्याच कंपन्यांच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरात असं असतं की असेसमेंट मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलमुळे आलं असेल तर तुम्ही पन्नास हजार घेतले असले तरी देणार १,०००च. म्हणून तर वर कव्हरेज एवर एवढा जोर दिला. काही कंपन्या ही मर्यादा काढून देतात. एजंटला नेमका हाच प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दोन, जुनाटपणाचा विमा नसतो. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची शॅम्प्लेन टॉवर्स साउथ इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली, ९८ माणसं गेली. त्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, तिथल्या असोसिएशनने दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरचं असेसमेंट मंजूर केलं होतं. एका बेडरूमच्या मालकाला सुमारे ८०,०००, पेंटहाउसवाल्याला तीन लाखांच्या वर. वर्षानुवर्षं कमी फी घेऊन दुरुस्ती पुढे ढकलली की बिल असं एकदम येतं, आणि कोणताही लॉस असेसमेंट विमा त्यातलं एक डॉलर देत नाही, कारण ती अचानक झालेली हानी नव्हे, साठलेली दुरुस्ती आहे. या दुर्घटनेनंतर न्यू जर्सीनेही जानेवारी २०२४ मध्ये कायदा केला: ठरावीक प्रकारच्या इमारतींची स्ट्रक्चरल तपासणी आणि असोसिएशनच्या राखीव निधीचा अभ्यास, म्हणजेच रिझर्व्ह स्टडी, बंधनकारक. कायदा चांगलाच आहे, पण त्यामुळे आजवर झाकलेले खड्डे उघडे पडणार आणि फी वाढणार. त्यामुळे कॉन्डो घेण्याआधी रिझर्व्ह स्टडी मागून वाचा. हे विम्याचं काम नाही, पण विमा जिथे हात वर करतो तिथे हा कागदच तुम्हाला वाचवेल.

सामानाबद्दल फार बोलत नाही. ३०,००० कमी आहेत. एक दिवस फोन घेऊन प्रत्येक कपाट उघडून व्हिडिओ काढा, म्हणजे कळेल. आणि रिप्लेसमेंट कॉस्ट असं पॉलिसीवर लिहून घ्या, नाहीतर सहा वर्षांच्या सोफ्याची घसारा लावून भंगाराची किंमत हातात पडते.

पण सोन्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या लोकांचं मोठं नुकसान तिथेच होतं. साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला वेगळी, फार खालची मर्यादा असते. बऱ्याच फॉर्ममध्ये ती सगळे दागिने मिळून १,५०० डॉलर आहे. सामानाचा विमा साठ हजारांचा असला तरीही. लग्नातले तोडे, आईने दिलेल्या पाटल्या, सासूबाईंची मोहनमाळ, मंगळसूत्र, सगळे मिळून पंधराशे. चोरांना आपल्या घरात काय असतं ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आशियाई, त्यातही भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून दरोडे घालणारी एक टोळी २०११ ते २०१४ मध्ये अनेक राज्यांत फिरत होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. दागिने स्वतंत्रपणे यादीवर चढवा: सोनाराकडून किंवा अप्रेझरकडून मूल्यपत्र, फोटो, आणि पॉलिसीत एकेक डागाची नोंद. शंभर डॉलरच्या ऐवजाला वर्षाला साधारण एक-दोन डॉलर पडतात. सगळं चढवायची गरज नाही, रोज अंगावर असतं आणि लग्नकार्याला निघतं तेवढं चढवा. यादीवरचा डाग हरवला, कुठे पडला कळलं नाही, तरी सहसा पैसे मिळतात. 'बँकेच्या लॉकरमध्ये आहे, मग काय भीती' असं म्हणत असाल तर लक्षात ठेवा, एफडीआयसी, म्हणजे बँक ठेवींचा सरकारी विमा, खात्यातल्या पैशांना संरक्षण देतं, लॉकरमधल्या वस्तूंना नाही.

घर राहण्याजोगं नसेल तेव्हा बाहेर राहण्याचा खर्च देणाऱ्या भागाला लॉस ऑफ यूज म्हणतात. एचओ-६ मध्ये तो सहसा सामानाच्या रकमेच्या निम्मा असतो, म्हणजे तुमच्या कोटप्रमाणे १५,०००. न्यू जर्सीतल्याच एजवॉटरला २१ जानेवारी २०१५ ला अपार्टमेंटच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सला आग लागली. नळदुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या टॉर्चमधून सुरू झाली, हलक्या लाकडी बांधकामातून भिंतीआडून पसरली आणि शेकडो लोक एका रात्रीत रस्त्यावर आले. ते भाडेकरू होते, त्यांनी निदान भाडं भरणं थांबवलं असेल. तुम्ही मालक असाल तेव्हा मॉर्गेजही चालू, असोसिएशनची फीही चालू, टॅक्सही चालू, आणि मुलांची शाळा बदलू नये म्हणून त्याच गावात भाड्याचं घर. वर्षभर बांधकाम चाललं तर पंधरा हजार पाच-सहा महिन्यांत संपतात. सामानाचा आकडा वाढवलात की हा आपोआप वाढतो. तरीही मी वेगळा वाढवून घेतो.

लायबिलिटी एक लाखाची ठेवू नका. तुमच्या नळीमुळे खालच्यांचं फर्निचर, त्यांच्या भिंती गेल्या आणि चूक तुमची ठरली, तर तिथे हाच भाग कामाला येतो. पाच लाख करा, फरक फार थोडा असतो. दोघांचे पगार आणि ४०१के (निवृत्तीची बचत) मिळून बऱ्यापैकी जमलं असेल तर वर दहा लाखांची अंब्रेला, म्हणजे या लायबिलिटीच्या वरची जादा पॉलिसी, घ्या. गाड्यांचा विमा त्याच कंपनीत असेल तर ती सोपी जाते.

याच भागात मेडिकल पेमेंट्स म्हणून एक छोटी रक्कम असते. पाहुणा घरात पडला, हाड मोडलं, तर कोणाची चूक हे न बघता थोडे पैसे देते. लोकांना वाटतं भारतातून आलेले आईबाबा यात बसतील. सहा महिने तुमच्याच घरात राहणारे आईबाबा कंपनीच्या लेखी घरातलीच माणसं ठरू शकतात, आणि घरातल्यांना हे मिळत नाही. त्यांचा व्हिजिटर मेडिकल इन्शुरन्स वेगळाच काढा. बर्फावर घसरलेल्या एका काकांचं हॉस्पिटलचं बिल मी बघितलंय, अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि हो, भारतवारी. डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे घर बंद ठेवून जाणारे आपण लोक. वीज वाचवायची म्हणून हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. पॉलिसीत स्पष्ट अट असते: घरात कोणी नसताना पाइप गोठून फुटले, तर तुम्ही हीटिंग चालू ठेवलेलं असावं, किंवा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. दोन्हींतलं काहीच केलं नसेल तर क्लेम नाकारता येतो. मी दोन्ही सांगतो. थर्मोस्टॅट साठ फॅरनहाइटच्या आसपास, व्हॉल्व्ह बंद, आणि आठवड्यातून एकदा शेजाऱ्याने डोकावायचं. पुढे कधी नोकरी डॅलसला लागली आणि हा कॉन्डो भाड्याने दिलात, तर आधी एजंटला कळवा. तुम्ही राहता म्हणून दिलेली पॉलिसी भाडेकरू राहताना तशीच चालत नाही.

टाउनहोमकडे वळू, कारण तिथे पहिला प्रश्नच वेगळा आहे. टाउनहोम हा घराच्या आकाराचा शब्द आहे, मालकीचा नव्हे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींपैकी एकीत तुम्ही जमिनीसकट, छतासकट घर घेता, दुसरीत कायद्याने तो कॉन्डोच असतो, फक्त उभा. पहिल्या प्रकारात बऱ्याचदा असोसिएशन फक्त रस्ते, हिरवळ आणि क्लबहाउसचा विमा काढते. छत, बाहेरच्या भिंती, पाया, सगळं तुमच्या डोक्यावर. तिथे एचओ-६ नको, स्वतंत्र घरासारखी एचओ-३ हवी, पूर्ण घर पुन्हा बांधण्याच्या रकमेची. एका गृहस्थांनी रोख पैसे देऊन असं टाउनहोम घेतलं होतं. मॉर्गेज नाही, म्हणजे कागद तपासणारी बँकही नाही. पाच वर्षं त्यांच्याकडे ३०,००० ची एचओ-६ होती, आणि छताचा विमा जगात कोणाकडेच नव्हता. गारांच्या पावसाने छताला भोकं पडली तेव्हा कळलं. आग लागली नाही हे त्यांचं भाग्य. काही ठिकाणी याच्या उलटही असतं: जमीन तुमची, पण बाहेरच्या कवचाचा विमा असोसिएशनचा. तेव्हा जाहिरातीतला शब्द सोडा, डीड बघा.

तुमच्या टाउनहोमला राहण्याजोगं तयार केलेलं बेसमेंट आहे, तेव्हा दोन प्रकारचं पाणी वेगळं समजून घ्या, कारण विमा त्यांना वेगळं मानतो. बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर टाकणारा संप पंप बंद पडला किंवा गटाराचं पाणी उलटं वर आलं, तर ते मूळ पॉलिसीत नसतं. वॉटर बॅकअप नावाची जोडणी घ्यावी लागते. पाच हजारांची घेऊ नका, तयार बेसमेंटला किमान पंचवीस. बाहेरून जमिनीवरून चालत आलेलं पाणी म्हणजे पूर, आणि त्याला एचओ-३ असो की एचओ-६, दोन्हींत एक पैसा नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी न्यू जर्सी बुडवली, राज्यात तीस माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मला आलेल्या फोनपैकी निम्म्याहून जास्त लोक पूरक्षेत्राच्या नकाशाबाहेर राहत होते आणि म्हणून निर्धास्त होते. पावसाने नकाशा बघितला नव्हता.

फेडरल पूरविमा योजनेतून घराला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत कव्हर मिळतं. बेसमेंटमध्ये मात्र तिचा हात आखडता असतो: फर्नेस, वॉटर हीटर, वॉशर, ड्रायर, फ्रीझर एवढं मिळतं, सोफा, गालिचा, टीव्ही, मुलांची खेळणी नाही. विकत घेतल्यावर साधारणपणे तीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून फोन करण्यात अर्थ नाही. फक्त कर्जाच्या क्लोजिंगसोबत, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या वेळी, घेतला तर ही वाट बघावी लागत नाही. तुमच्यासाठी हीच ती वेळ आहे. कॉन्डोच्या बाबतीत इमारतीचा पूरविमा असोसिएशन काढते, काढला असेल तर. दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण खालची लॉबी, इलेक्ट्रिक पॅनेल, लिफ्ट बुडाली आणि असोसिएशनकडे पूरविमा नसेल, तर खर्च वाटून तुमच्याकडेच येणार, आणि नेहमीची लॉस असेसमेंट पुराच्या नुकसानीला चालत नाही.

तर कॉन्डोसाठी, मास्टर बेअर वॉल्सची आणि डिडक्टिबल २५,००० ची निघाली असं धरून, मी हे कोट मागेन: बांधकाम १,३०,००० स्पेशल कव्हरेजसह, सामान ६०,००० रिप्लेसमेंट कॉस्टवर, लॉस ऑफ यूज ४०,०००, लायबिलिटी ५,००,०००, लॉस असेसमेंट ५०,०००, दागिन्यांची यादी वेगळी. तुमचं स्वतःचं डिडक्टिबल १,००० ऐवजी २,५०० करा, त्यात प्रीमियम बराच खाली येतो आणि छोट्या क्लेमसाठी कंपनीचं दार वाजवायची सवय लागत नाही. तीन वर्षांत दोन छोटे क्लेम केलेल्या माणसाला नवी कंपनी उभं करत नाही. दागिने सोडून हे सगळं पाचशे ते सातशे डॉलरच्या आत बसायला हवं. हजाराच्या वर कोणी सांगितलं तर त्या कॉम्प्लेक्समध्ये आधी काय घडलंय ते विचारा.

क्लोजिंगच्या तीन आठवडे आधी, उशिरात उशिरा, प्रॉपर्टी मॅनेजरला ईमेल करा. मास्टर डीड आणि बायलॉज पूर्ण मागा, फक्त विम्याचं पान नको. मास्टर पॉलिसीचं डिक्लरेशन पेज, म्हणजे रकमा आणि डिडक्टिबल लिहिलेलं पान, मागा. आग, पाणी आणि वादळ यांची डिडक्टिबल वेगवेगळी आहेत का ते विचारा, ती कोणाकडून वसूल होतात ते विचारा, पूरविमा आहे का ते विचारा. गेल्या पाच वर्षांतली असेसमेंट आणि ताजी रिझर्व्ह स्टडी. बहुतेक ठिकाणी पन्नास-शंभर डॉलर फी लावतात, देऊन टाका. मॅनेजरने एक पानाचं सर्टिफिकेट पाठवून बाकीचं टाळलं, तर वकिलाकडून मागवा. क्लोजिंगला वकील आहेच. कागद आले की आधी तुमच्या एजंटकडे पाठवा आणि डीडमधल्या कुठल्या कलमावरून त्याने कव्हरेज एचा आकडा काढला ते विचारा. कलमाचा नंबर सांगू शकला, तर त्याच्याकडूनच घ्या, मग तो पन्नास डॉलर महाग असला तरी चालेल.